तार कसल्यावरचे चार दिवस

मलिहाने भाकरीचा तुकडा दाढेखाली घेतला आणि तसाच हातावर काढून ठेवला.

"नाही चावत, अम्मी."

"मंग ठेव. खिचडी टाकतो."

नजमुन्निसा उठली. दिवसभर वाकून कापूस वेचलेला. कंबर सरळ व्हायला वेळ लागला. तिने तांदूळ आणि मुगाची डाळ धुतली, दुप्पट पाणी घातलं आणि चुलीत पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या सारल्या.

दातांवरची तार कालच कसली होती. त्यासाठी महिन्यातून एकदा मलकापूरला जावं लागे. धामणगाव बढेहून सकाळची एस.टी., दवाखान्यात दोन तास, आणि परतताना मलिहा तोंडावर ओढणी धरून खिडकीशी टेकलेली. पुढचे चार दिवस सगळेच दात ठणकत. समोरचे तर बोट लावलं तरी हलत. तारेचं टोक गालाला लागून आतून सोलवटून निघे.

पहिल्या वेळी ती घाबरली होती. "डॉक्टरसाहेब, पडतात का काय हे?"

"हलले नाहीत तर जागेवर येणार कसे?" डॉक्टर म्हणाले. मग नजमुन्निसाकडे वळले. "पोरीला चार दिवस मऊ द्या. भाकर द्यायचीच तर वरणात कुस्करून. शेंगदाणे, फुटाणे बंद. मिठाच्या पाण्याने चुळा."

"हाव," नजमुन्निसा म्हणाली होती.

घरात आता दोघीच होत्या. नजमुन्निसाचा मुलगा शाकिर दोन वर्षांपूर्वी कपाशीवर फवारणी करता करता वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच कोसळला. बोंडअळीचं साल होतं. फवारणीचं विष उतरवायला डॉक्टरांनी तीन दिवस प्रयत्न केले.

दातांचं खूळ त्याचंच. मलिहाचे वरचे दात इतके पुढे होते, की ओठ मिटत नसत. बोलताना ती तोंडावर हात धरायची. शाकिर तिला चिडवायचा, आणि मग म्हणायचा, "या साली कापूस निघाला का नेतो तुले मलकापूरले. दात सरळ करून आनतो."

तो गेल्यावर मलिहाचे मामू दोनदा तिला न्यायला आले. दोन्ही वेळा ती गेली नाही. दुसऱ्या वेळी मामूची एस.टी. गेल्यावर नजमुन्निसा म्हणाली, "चाल, दात दाखवून येऊ."

"आता कोनाले दाखवाचे हायेत मले दात?"

"मले पाहाचे हायेत."

खिचडी शिजली. नजमुन्निसाने ती पळीने घोटली, दोन ताटल्यांत वाढली. मलिहा जिभेनेच एकेक घास मागे ढकलत गिळत होती. अर्ध्यातच थकली.

"परवा वरवट बकालची अंजुम येनार हाय," नजमुन्निसा म्हणाली. "बिलालची बहीन. तुले पाह्याले."

बिलालचं वरवट बकालला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अंगणवाडीच्या बेबीताईचं माहेर तिथलंच. तिनेच हे स्थळ सुचवलं होतं.

"मले कुठंच नाही जायाचं."

"जेव अगुदर."

"मी गेली त तुमी एकट्या काय करसान?"

"जे लोकं करतात तेच. वावरात जाईन, येईन, झोपीन."

दुसऱ्या दिवशी वावरात, उन्हं वर आल्यावर, मलिहा कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातच खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. दोन दिवसांत पोटात अर्धी ताटली खिचडीच काय ती गेली होती. नजमुन्निसाने डब्यात केळं कुस्करलं, त्यात दूध घातलं आणि चमच्याने तिला भरवलं. मग तिची कापूस भरायची ओटी सोडून आपल्या कमरेला बांधली. दोन ओट्या घेऊन ती पुढच्या तासाला लागली. वेचायला फारसं नव्हतंच. निम्मी बोंडं किडकी, उघडली तरी कापूस बोटांना चिकटून येई.

"मी येचतो नं, अम्मी," मलिहा मागून म्हणाली.

"बस चुपचाप."

अंजुम आली तेव्हा नजमुन्निसाने खिमा केला होता. चावायची गरजच पडू नये, इतका शिजवलेला. सोबत दुधातल्या शेवया. अंजुम चाळिशीची, बोलकी बाई. मलिहाच्या दातांवरची तार तिने पाहिली.

"हे कवा निघते?"

"दोन मयने राह्यले," मलिहा म्हणाली. या वेळी तिने तोंडावर हात धरला नाही. नजमुन्निसाने ते पाहिलं आणि शेवयांचं पातेलं अंजुमपुढे सरकवलं.

तिघी जेवायला बसल्या. नजमुन्निसाही तेच मऊ खात होती.

"खाला, तुमचे बी दात दुखतात का?"

"नाही वो. दोन सयपाक कोन करते?"

अंजुम हसली. "आमच्याइकडं पोरीचं इतलं कोनी करत नाही."

जेवण झाल्यावर मलिहा मिठाचं पाणी घेऊन मागच्या अंगणात गेली. अंजुम जरा जवळ सरकली. आवाज खाली आणला.

"पोरगी मले पसंत हाय. बिलालनं सारं माह्यावरच सोडलं. तिचं पयलं लगन झालं होतं, नवरा वारला, हे बेबीताईनं सांगतलं. त्याचं काई नाही, आमच्या बिलालची बी बायको गेलीच नं. पन येक इचारतो, राग नका मानू. तिच्या सासूची मर्जी हाय नं? उद्या ते बाई दारात येऊन भांडन त नाही करनार?"

मागच्या अंगणात चुळा भरल्याचा आवाज येत होता. नजमुन्निसाने तो थांबेपर्यंत वाट पाहिली.

"नाही करनार," ती म्हणाली. "सासू मीच हाय तिची."