डाव्या हातावरचं घड्याळ

शुक्रवारी सकाळी कियोएनं सासूच्या हातातलं घड्याळ काढलं, मऊ फडक्यानं पुसलं आणि दुपारपर्यंत खणात टाकलं. रोजच्यासारखं स्वतःच्या मनगटावर चढवलं नाही. खण ढकलताना तिला इतकं बरं वाटलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

रविवारी नणंद येणार होती. नणंदेनं दिलेलं घड्याळ नणंदेच्याच डोळ्यांदेखत बंद पडलेलं दिसायला हवं होतं.

घड्याळ ऑटोमॅटिक. ना सेल, ना चावी. घालणाऱ्याचा हात हलला की आतलं चक्र फिरतं आणि स्प्रिंग भरते. हात हललाच नाही, तर दोन दिवसांत कारभार आटोपला. आणि सासूचा, हात्सुबाईंचा, डावा हात गेल्या हिवाळ्यातल्या झटक्यापासून लुळा पडलेला. तरी त्यांचा हट्ट, घड्याळ डाव्याच हाताला.

घरात आल्यानंतर तिसऱ्या दिवशीच ते थांबलं होतं. त्या दिवशी हात्सुबाई जेवल्या नाहीत. नुसत्या काट्यांकडे बघत राहिल्या. कियोएला दया आली. दुसऱ्या दिवसापासून अंग पुसताना काढलेलं घड्याळ ती गुपचूप आपल्या हातात घालू लागली. सकाळभर चादरी वाळत घाल, भात लाव, सासूला कूस बदलून दे, परसातले मुळे उपट. दुपारी भरलेलं घड्याळ परत सासूच्या हातावर.

सासूच्या सूचना काही संपत नसत. "रेडिओजवळ ठेवू नकोस गं, त्यात लोहचुंबक असतं. तारीख रात्रीची बदलू नकोस, चाकाचे दाते तुटतात. मागचा घाम पुसलास का नीट?"

लेकीच्या घड्याळाची केवढी ही काळजी, कियोएच्या मनात येई. सून दिवसभर राबते, तिच्या घामाची चौकशी कोणी करत नाही. नणंद, रुमिको, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तोक्योहून यायची, मिठाईचा डबा ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. पण घरात नाव तिचं. रुमिकोनं दिलं, रुमिकोनं आणलं.

सगळ्यात जळफळाट व्हायचा तो गुरुवारी. गुरुवारी ओगुचीबाई आणि मोमोसेबाई चहाला येत. तळ्याकाठच्या घड्याळांच्या कारखान्यात या तिघींनी एकाच बाकावर तीस वर्षं काढलेली. चहा, खारवलेला पाला आणि गप्पा. मग हात्सुबाई उजव्या हातानं आपला डावा हात उचलून दोघींच्या नाकासमोर धरत.

"बघा! आजही चालतंय!"

दोघी वाकून बघत. एकमेकींकडे बघत.

"नशीब काढलंस, हात्सु," ओगुचीबाई म्हणत. आणि कियोएकडे तिरका कटाक्ष टाकून गालातल्या गालात हसत. कियोएच्या अंगाचा तिळपापड होई. लेकीचं कौतुक करायचं तर करा, वर सुनेला हिणवायचं कशाला? एकदा तिला वाटलं, ती चहाची किटली यांच्या पुढ्यात आपटावी आणि सांगावं, माझ्या हातावर चालतंय ते घड्याळ! पण ती भांडी विसळायला गेली, आणि घड्याळ काही तिनं थांबू दिलं नाही. आजवर.

रविवारी अकराच्या गाडीनं रुमिको आली. तिच्यासाठी कियोएनं दोन दिवस घर घासूनपुसून काढलं होतं, पाठ टेकायलाही सवड मिळाली नव्हती. ती चहाचं तबक घेऊन दारातच उभी राहिली. हा क्षण तिला चुकवायचा नव्हता.

रुमिकोनं आईचा हात हातात घेतला आणि ती थबकली.

"अगंबाई, हे तर बंद पडलंय! वहिनी, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"तुम्हीच आणलंय ना?" कियोए म्हणाली. उत्तर तिनं दोन दिवस घोळवून ठेवलं होतं. "दुकानदारालाच विचारा, कसलं घड्याळ दिलं म्हणून."

रुमिकोचा चेहरा उतरला. कियोएला आतून गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात हात्सुबाई हसायला लागल्या.

"दुकानदाराला कशाला विचारतेस? मेलेल्या हातावर हे चालेल कसं? तीस वर्षं हीच चक्रं बसवली मी."

"मग इतके महिने कसं चालत होतं, आई?"

"हिच्या हातावर. रोज सकाळी घालते. काढून देते तेव्हा गरम असतं, मागे घाम असतो. माझ्या या हाताला घाम येतो होय?" हात्सुबाई लेकीकडे वळल्या. "ओगुचीला विचार, मोमोसेला विचार. दर गुरुवारी मी त्यांना काय दाखवते, तुझं घड्याळ? कारखान्यातल्या बायका आम्ही, घड्याळं काय कमी बघितली? माझी सून किती राबते ते दाखवते मी. ओगुची तर जळते माझ्यावर. तिची सून चहासुद्धा विचारत नाही."

कियोएनं तबक सासूजवळ ठेवलं. तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं, खण, शुक्रवार, सगळं.

हात्सुबाईंनी धडक्या हातानं तिचं मनगट धरलं. पट्ट्याचा फिकट वळ अजून तिथं होता. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला.

"दोन दिवस जरा टेकलीस, होय ना? बरं केलंस गं. घड्याळ काय, उद्या चालेल."