गाडी नंबर शून्य

"गाडी नंबर सांगा," रखवालदार म्हणाला.

गाडी नाही, असं तिने तिसऱ्यांदा सांगितलं. तिच्या कडेवर दोन वर्षांचा धाकटा होता. फाटकाच्या गजांपलीकडे, दहा पावलांवर, पहिलीतली थोरली दप्तर सावरत उभी होती आणि आईला हात करत होती. या दोघी मायलेकी आहेत हे रखवालदाराला ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्यानेच रोज मुलीचा हात आईच्या हातात दिला होता. पण यंदा नियम बदलला होता. पालकाने गाडीतून यायचं, खिडकीतून नंबर सांगायचा, रखवालदाराने तो संगणकात टाकायचा. मग कर्ण्यावरून पुकारा होणार आणि मूल बाहेर येणार.

यंदा पहिलीच्या प्रवेशाच्या अर्जात गाडी नंबराचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. कारकुनाने बराच वेळ डोकं खाजवून तिथे शून्य टाकलं. संगणकाने ते गोड मानून घेतलं आणि शून्याची पाळी सगळ्या गाड्या संपल्यावर लावली. घर शाळेपासून पाच मिनिटांवर. तरी वर्गातली सगळी मुलं गेल्यावर पाऊण तासाने थोरली बाहेर यायची.

ती मुख्याध्यापिकांना भेटली. बाईंनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चालत येणाऱ्या मुलांना धोका असतो हो," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"गाड्यांचा."

ती पाणी पिऊन परत आली.

ती एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. नवरा बेकरीत, पहाटे भट्टी पेटली की तिसऱ्या प्रहरापर्यंत सुटका नाही. तेव्हा दुपारची एक तासाची सुट्टी तिचीच. त्या तासात धाकट्याला शेजारच्या आजींकडून घ्यायचं, थोरलीला आणायचं, दोघांना भरवून आजींच्या हवाली करायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि पुन्हा भिंगांपुढे बसायचं. आता तासाचे दोन तास होऊ लागले. दुकानाचा मालक तसा भला माणूस. दोन आठवडे तो काही बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने अगदी गोड शब्दांत सांगितलं की सोमवारपासून वेळेत येणं जमणार नसेल तर त्याला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.

त्याच संध्याकाळी जेवताना थोरलीने विचारलं, "आई, शून्य म्हणजे काहीच नाही ना?"

वर्गातली मुलं आता तिला त्याच नावाने हाक मारत होती. ताट तसंच ठेवून आई उठली आणि तिने भावाला फोन लावला.

भाऊ या फोनची चार वर्षं वाट बघत होता. ताई पोरांना पायपीट करवत वाढवते, हे तो नातेवाइकांत अशा आवाजात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ताईच्या घरी चूलच पेटत नाही. रविवारी तो आपली जुनी गाडी घेऊन हजर झाला. ती इमारतीखाली लावली, काचा पुसल्या, किल्ली ताईच्या हातात ठेवली आणि स्वतःचे डोळे पुसले. लग्नाआधी काढलेला परवाना तिने कपाटातून शोधून काढला. सोमवारी सकाळी शाळेच्या कार्यालयात गाडीचा नंबर नोंदवला. कारकुनाने तिचं अभिनंदन केलं, जणू तिला तिसरं मूल झालं होतं.

दुपारी तिने धाकट्याला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला, इंजिन सुरू केलं आणि बाहेर बघितलं. शाळेच्या फाटकापासून निघालेली गाड्यांची रांग कोपरा वळून तिच्याच इमारतीवरून पुढे गेली होती. तिने दिवा दाखवला, हात दाखवला. कुणी वीतभर जागा देईना. जो तो नाकासमोर बघत होता. वरच्या मजल्यावरची शेजारीण तेवढी रांगेतल्या आपल्या गाडीची खिडकी खाली करून म्हणाली, बरं झालं बाई, तुमचे हाल संपले. मग खिडकी वर करून ती चार बोटं पुढे सरकली.

वीस मिनिटं गेली. धाकट्याने रडून घसा बसवून घेतला. गाडी होती तिथेच होती. तिने घड्याळ बघितलं आणि तिला मालकाचा तो गोड चेहरा आठवला. तिने इंजिन बंद केलं, पोराला काखोटीला मारलं आणि रांगेच्या कडेकडेने ती तरातरा फाटकाशी पोचली. धापा टाकतच तिने नंबर सांगितला.

रखवालदाराने तो संगणकात टाकला. मुलीचं नाव आलं. त्याने मान उंचावून तिच्या मागे बघितलं.

"गाडी कुठंय?"

"आमच्या इमारतीखाली."

रांग तिथवर गेलेली त्याला दिसत होती. तो सावकाश म्हणाला, "नियमात नंबर लिहिलाय. गाडी लिहिलेली नाही."

कर्ण्यावरून पुकारा झाला. आपला नंबर ऐकताच थोरली अशी धावत सुटली की दप्तर तिच्यामागून आलं. त्या दिवशी तिची आई दोन मिनिटं आधीच दुकानात पोचली. मालकाने घड्याळ कानाला लावून बघितलं.

सहा महिन्यांनी भाऊ आला तेव्हा तिघं शाळेला निघायच्या गडबडीत इमारतीखाली आली होती. तो गाडीपाशीच थबकला होता. गाडीवर पानांचा थर साचला होता, एक चाक पार बसलं होतं आणि टपावर मांजर पिलांसकट पसरली होती.

"ताई, ही तर जागची हललेली दिसत नाही," तो कळवळून म्हणाला. "मग मी ती देऊन तुला उपयोग काय झाला?"

"असं कसं म्हणतोस?" धाकट्याच्या बुटाची नाडी बांधत ती म्हणाली. "ती आहे म्हणून तर आम्हाला चालत जाता येतं."