तुळईच्या कड्या

अप्पा गेले तेव्हा घरच्या रिवाजाप्रमाणे झोपाळा वर्षभरासाठी उतरवला. फळी भिंतीशी उभी राहिली, साखळ्या माळ्यावर गेल्या, तुळईला नुसत्या कड्या उरल्या.

त्यांची मुलगी वासुकी तंजावूरच्या एका कॉलेजात भूकंपाच्या नोंदींची चित्रं काढायची. एक भूकंपमापक तिने चाचणीसाठी घरी आणून झोपाळ्याच्याच खोलीत ठेवला होता. आज दुपारी घरी येताच तिने लॅपटॉपवर नेहमीची कमांड टाईप केली आणि सकाळपासूनची नोंद चित्र होऊन उमटली.

रेघ संथ झुलत होती. दर झोक्याला एकदा किंचित अडखळत होती, अप्पांचा दुखरा पाय जमिनीला घासायचा तशी.

कमांड चुकली असेल म्हणून तिने ती पुन्हा लिहिली. चित्र तेच आलं.

"आई, सकाळी झोपाळा कुणी लावला होता?"

"कोण लावील गं? अजून वर्ष व्हायचंय," भागीरथीबाई बाहेरच्या तिण्णैवरून, ओट्यावरून म्हणाल्या. "साखळ्या माळ्यावरच आहेत."

वासुकीने चित्राचं शेवटचं टोक मोठं केलं. ती दारातून आत आली, नेमकी तेव्हा रेघ थांबली होती. ती कॉलेजातून आली की अप्पा असाच पाय टेकवून झोपाळा थांबवायचे, सरकून शेजारी जागा करायचे. दोघं बसली की तुळई करकरायची.

तिचे डोळे भरून आले. लॅपटॉप तसाच ठेवून ती उठली आणि रिकाम्या कड्यांखाली, जमिनीवर, डावीकडे जागा सोडून बसली.

वर तुळई करकरली.