पट्टीखालचं नाव

“थांब! घासलीस की काय?”

क्लाइड व्हार्नी खुर्चीतून जवळजवळ उडालाच. इंगा तोर्विकनं कांबळ्यातून बंदूक बाहेर काढली होती आणि तिच्या पिशवीतून भांड्यांची तारेची घासणी डोकावत होती.

“अजून नाही. म्हटलं, तुला दाखवायची तर जरा चकचकीत करून...”

“बाई गं, वाचलीस! एकदा घासली की अर्धी किंमत पाण्यात. हा तपकिरी रंग चढायला ऐंशी वर्षं लागतात.”

मोंटानातल्या त्या गावात जुनी बंदूक सापडली की लोक क्लाइडकडेच येत. तो सगळ्यात आधी दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी उघडतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. क्लाइडच्या हातात झाडू दिला तरी तो आधी दांडा खोलून बघेल, असं गाव म्हणायचं.

कारणही काही लपलेलं नव्हतं. त्याचे आजोबा एमोस एका मेंढपाळाच्या खुनासाठी बावीस वर्षं तुरुंगात होते. माझी बंदूक खुनाच्या आठ दिवस आधीच चोरीला गेली होती, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. “पट्टीखाली माझं नाव कोरलंय, शोधा,” असं त्यांनी कोर्टातही सांगितलं होतं. बंदूक काही सापडली नाही. क्लाइड गेली चाळीस वर्षं पट्ट्या उघडत होता.

“कुठं मिळाली?” त्यानं विचारलं.

“आमच्या धान्याच्या कोठारात. भिंतीच्या दोन फळ्यांमध्ये. भिंतीवर टांगायची वस्तू भिंतीच्या आत कोण ठेवतं रे?”

क्लाइडनं बंदुकीची खालची कडी पुढे ओढली आणि आत कुणी गोळी विसरलंय का ते पाहिलं. मग बंदूक उलटी करून क्रमांक वाचला, वहीत बोट फिरवलं. “एकोणीसशे सहाची बनावट,” तो पुटपुटला. नळीखालचं लाकूड एका जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. तिथं त्याचा अंगठा रेंगाळला.

“खोगिरावर आडवी टाकून फिरलाय कुणीतरी. भिंतीत जन्म नाही गेला हिचा. आहे अशी राहिली तर तीन हजार डॉलर कुठं गेले नाहीत.”

“किंमत विचारायला नाही आले मी.” इंगानं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “आमचे निल्स आजोबा तुझ्या आजोबांचे शेजारी. मरताना म्हणाले, ‘कुणी काही बोललंच, तर बंदूक उघडा.’ कुठली बंदूक, कुणाला कळेना. आता कोठार पाडताना ही निघाली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या. आमच्या घरातल्या माणसानं चोरी केली असेल आणि त्यापायी तुझे आजोबा बावीस वर्षं... तू उघड ती, क्लाइड. जे असेल ते असेल.”

क्लाइडनं पेचकस उचलला आणि परत खाली ठेवला.

“तू समोर बसलीस तर हात चालायचा नाही माझा. पलीकडून दोन कॉफी घेऊन ये, जा.”

ती परत आली तेव्हा पट्टी टेबलावर पडली होती. क्लाइडचे डोळे ओले होते. त्यानं डाव्या हातानं पेला घेतला. उजवा हात एप्रनच्या खिशात होता.

“आहे?”

“आहे.”

इंगा वाकली. लाकडात वेडीवाकडी अक्षरं होती. ए. व्हार्नी, १९०७. तिनं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

“म्हणजे निल्स आजोबा चोर,” ती म्हणाली. “बंदूक उघडा म्हणाले. ही कबुली द्यायची होती त्यांना.”

भिंतीवर एमोसचा फोटो होता. क्लाइडनं त्या फोटोकडे पाहिलं.

“असेल,” तो म्हणाला.

“रविवारी चर्चमध्ये उभी राहून सांगणार आहे मी. सगळ्यांसमोर. लोकांनी तुम्हाला खुन्याचं घर म्हटलं रे, आणि आम्ही पहिल्या बाकावर बसत होतो!” इंगाला रडू आवरेना. तिला मनापासून लाज वाटत होती.

“तुझी काय चूक त्यात?”

“माझी नाही, पण घर तर माझंच ना.” तिनं डोळे पुसले आणि हात पुढे केला. क्लाइडनं डावा हात दिला.

“उजव्याला काय झालं?”

“पेचकस लागला.”

“म्हातारा झालास!” ती कशीबशी हसली. कांबळं तिनं घडी करून काखेत घेतलं. बंदूक टेबलावरच राहू दिली. “ही तुमचीच. घरी आली म्हण.”

ती रस्ता ओलांडून जाईपर्यंत क्लाइड खिडकीत उभा राहिला. मग त्यानं दाराला कडी घातली, शेगडीचं झाकण उघडलं आणि उजव्या मुठीतला कागद खिशातून बाहेर काढला. दस्त्यात, नळी साफ करायची सळई ठेवायच्या भोकात, तो गुंडाळून कोंबलेला होता. अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. तुरुंगातून आलेली सगळी पत्रं याच अक्षरातली होती. खाली तारीख होती, खुनाच्या रात्रीची. त्यानं तिसऱ्यांदा वाचलं:

“निल्स, ही आजच लपव. आठ दिवसांपूर्वी चोरीला गेली असं मी सांगेन. तुझ्यावर बालंट आलंच, तर ही चिठ्ठी दाखव. – एमोस.”