पेटीतला पक्षी

परदेशी पर्यटकांच्या जहाजावरून उतरलेल्या त्या जोडप्याने तांकान संत्र्यांची पिशवी उचलली, पाटीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. बाईने पर्स चाचपून काही नाणी काढली आणि लाकडी पेटीच्या फटीत टाकली. पेटीला नमस्कार केल्यासारखी मान लववून, हसत हसत दोघं चढावर निघून गेली.

नाणी पडल्याचा आवाज वेगळा आला. येनचा असा येत नाही.

नात्सुए कुंपणाआडून बघत होती. पाठीवर बांधलेली लेक, मिओ, तिचे केस ओढत होती. सकाळपासून हेच चाललं होतं. स्टॉलवर माणूस नाही, कधीच नसतो. पिशवी घ्यायची, दोनशे येन पेटीत टाकायचे. पेटी दिवंगत सासऱ्यांनी केलेली. तिला कुलूप नाही.

"आई, जहाजाच्या दिवशी स्टॉलचा हिशेब तू एकटीने सांभाळ," कोहेईने फोनवर सांगितलं होतं. "पिशव्या आणि पैसे जुळले, तर पुढच्या हंगामापर्यंत राहा तिथेच. नाहीतर घर बंद करून मी तुला कागोशिमाला आणणार." बायकोला, नात्सुएला, त्याने वेगळं सांगितलं. "तू नुसती बघ. मधे पडू नकोस. आई हल्ली नसलेलंच सांगत असते. परवा म्हणाली, बाबा अंगणात येऊन गेले."

दुपारी सासूबाई मागच्या बागेत संत्री तोडत होत्या, तेव्हा नात्सुएने हळूच पेटी उघडली. अर्धी नाणी परकी होती. कुठल्या कुठल्या देशांची. नोटा असत्या तर बँकेने घेतल्या असत्या. नाणी कुणीच घेत नाही.

तिला कागोशिमाचा आपला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आठवला. खिडकीशी, हात मांडीवर ठेवून बसलेल्या सासूबाई दिसल्या.

ती कोपऱ्यावरच्या दुकानातून नोटा मोडून आली. परकी नाणी काढून एप्रनच्या खिशात टाकली, त्यांच्या जागी येन ठेवले, झाकण लावलं. मिओला पाठीवरून सोडून कडेवर घेतलं, तेवढ्यात पोरीने खिशात हात घालून एक नाणं थेट तोंडात घातलं. नात्सुएने बोट घालून ते बाहेर काढलं. लाळेने चकचकीत झालेलं. त्यावर पंख पसरलेला पक्षी होता.

मग ती थांबलीच नाही. तशीच धक्क्यावर गेली आणि खिसा समुद्रात उलटा केला.

संध्याकाळी जहाजाचा भोंगा झाला. सासूबाईंनी पेटी आत आणली, नेहमीसारखी सासऱ्यांच्या फोटोसमोर ठेवली आणि घंटी वाजवली.

"ऐकलंत का? तुमची पेटी आज जगप्रवास करून आलीय. बघा आता गंमत." त्यांनी पेटी चटईवर ओतली.

हात तिथेच थांबला.

"मोजा ना, आई," नात्सुए म्हणाली. "जुळेल सगळं."

"जुळेल गं. पण पक्षी कुठाय?"

नात्सुएने एप्रनचा रिकामा खिसा मुठीत धरला.

"दुपारी तू मिओला झोपवत होतीस ना, तेव्हा मी डोकावले होते पेटीत. आवाज निराळा आला म्हणून. एकावर पक्षी होता, असे पंख पसरलेला. एकावर मुकुटवाली बाई. ह्यांना म्हटलं, संध्याकाळी दाखवते." त्यांनी पेटी पुन्हा उलटी केली, बुडावर थापट्या मारल्या. मग आतल्या कोपऱ्यांतून बोट फिरवलं.

"चोर म्हणावं, तर येन ठेवून गेला!" त्या हसल्या. "असा चोर रोज यावा."

हसू तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. त्या फोटोकडे बघत बसल्या.

"म्हणजे मी नसलेलंच बघते. कोहेई म्हणतो ते खरंच आहे."

"नाही, आई!" नात्सुए गुडघ्यांवर बसली. "होता पक्षी. ती बाईपण होती. मी पाहिलंय. मीच बदलली नाणी, पैसे जुळावेत म्हणून. तुम्हाला इथून जावं लागू नये म्हणून."

"अगं, मग दाखव ना."

"समुद्रात टाकली. मिओने एक तोंडात घातलं, मी घाबरले, आणि..."

स्वतःच्याच कानांना ते खोटं वाटलं.

सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. हाताला संत्र्याच्या सालीचा वास होता.

"माझ्यासाठी एवढं रचलंस, पोरी?"

"रचलं नाही हो. मिओची शपथ, आई."

"लेकराची शपथ घेऊ नये." त्यांनी तिचा हात थोपटला. "बरं, बरं. होता पक्षी. होता."

रात्री दचकून उठलेल्या मिओला त्या याच आवाजात समजावत.

फोन वाजला. नात्सुए उठायच्या आत सासूबाईंनी उचलला.

"हो रे. जुळले. येन न् येन जुळला," त्या म्हणाल्या. आणि मग, जरा थांबून, "तू मला न्यायला कधी येतोस?"