श्रीरंगपट्टणचा वेढा

"हे चित्र आज खाली उतरलं नाही, तर मी उतरते. चार जिने," ऋजुता म्हणाली.

गंगुबाई फ्रेमची काच पुसत होत्या. त्यांनी सुनेकडे वळूनही पाहिलं नाही.

"हळू उतर. पाचवा महिना आहे."

हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की ऋजुताच्या अंगाची आग झाली.

चित्र लढाईचं होतं. लाल कोटातले गोरे सोजीर किल्ल्याच्या खिंडारातून आत घुसतायत, मागे तोफांचा धूर, पुढे आपल्या लोकांची प्रेतं. चांगलं दोन हात रुंद, सोनेरी फ्रेममधलं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गंगुबाईंनी ते बाहेरच्या खोलीत, सोफा-कम-बेडच्या बरोबर समोर लावलं. सूरज आणि ऋजुता तिथेच झोपायचे. सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन प्रेतांचं.

युद्धाचं चित्र घरात भांडणं लावतं, अशी ऋजुताची ठाम समजूत. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातलं कुरुक्षेत्राचं कॅलेंडर काढून टाकलं होतं. तेव्हा गंगुबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्याचं उट्टं आता तीन वर्षांनी निघत होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"आहे तरी कुणाचं हे?" तिने विचारलं.

"माझ्या सासऱ्यांचं. गोऱ्या साहेबाने दिलेलं. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, त्याचं आहे."

"परवा तुमच्या आजेसासऱ्यांचं म्हणालात."

"तेच ते."

"आणि खाली इंग्लिशमध्ये श्रीरंगपट्टण लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला काय कळतं!"

सूरजला लहानपणी हे चित्र पाहिल्याचं आठवत नव्हतं. माळ्यावर होतं, असं आईने सांगितल्यावर त्याने विषय सोडला. विषय सोडण्यात तो तरबेज होता.

खरा विषय तर त्याने केव्हाच सोडला होता. ऋजुता डोंबिवलीला शाळेत शिकवायची. तिच्या मामाची तळमजल्यावरची जागा तिथे रिकामी पडली होती, शाळेपासून पाच मिनिटांवर. गेल्या वर्षी तिसऱ्याच महिन्यात तिचा गर्भ पडला होता. या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, जिने नकोत, रोजची दगदग नको. ठाण्याला वर्तकनगरमधल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आणि सूरजला सोडून एकटीने राहायची तिची तयारी नव्हती.

"आईला टाकून मी नाही जाणार," सूरज दर वेळी म्हणायचा. "बाबांना शब्द दिलाय. ती स्वतः जा म्हणाली तरी नाही जाणार."

हे तो आत आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा. आपण चांगला मुलगा असल्याचं समाधान मग दिवसभर त्याच्या तोंडावर असायचं. जिने चढायला बायको होतीच.

तीन आठवडे घर नुसतं धुमसत होतं. ऋजुताने चित्रावर चादर टाकली, तर गंगुबाईंनी ती काढून, घडी करून तिच्या उशाशी ठेवली. ती फ्रेमला हात लावायला गेली, तर "काचेला ओरखडा आला तर याद राख!" म्हणून अशा ओरडल्या की शेजारच्या शेवंतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

आजही त्या आल्याच होत्या. आज रविवार, त्यामुळे सूरजही घरात होता. त्याला पहिल्यांदाच मध्ये पडावं लागलं.

"आई, काढ ना ते. तिला त्रास होतोय. बाळासाठी तरी."

"बाळाचं काय घेऊन बसलास? मागचं राहिलं नाही, तेव्हा कुठे होतं हे चित्र?"

ऋजुता भिंतीचा आधार घेत खाली बसली. सूरज आईकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तिची किळस आली.

"तुला काय हवंय, आई? चित्र की आम्ही?"

"चित्र," गंगुबाई म्हणाल्या आणि पुन्हा काच पुसायला लागल्या.

दसऱ्याला टेम्पो आला. सूरजने आपट्याचं पानही आईच्या हातावर ठेवलं नाही. ऋजुता कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. शेवंतीबाई सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अशी आई वैऱ्यालासुद्धा नको!"

गंगुबाईंनी दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी त्यांनी चित्र उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि प्रत्येक मजल्यावर दम खात खाली आणलं. रिक्षा केली. टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाचे बांबू उतरवत होते. पलीकडच्या गल्लीत नाथाचं फ्रेमचं दुकान होतं.

नाथाने चादर सोडली, फ्रेम उलटी करून मागच्या चिठ्ठीवरचा नंबर वहीशी ताडून पाहिला, काच उजेडात धरली.

"ओरखडा नाही. छान ठेवलंत, मावशी. घोडबंदरचे सीरियलवाले दोनदा येऊन गेले याच्यासाठी. म्हटलं, भाड्याने गेलंय. तुमचं काम झालं ना पण? अजून ठेवायचं असेल तर ठेवा."

"नको रे बाबा," गंगुबाई म्हणाल्या. "मला भीती वाटते त्याची."

त्या भिंतीवरच्या तसबिरी बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग रांगत्या बाळकृष्णाच्या एका तसबिरीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे नीट बांध. डोंबिवलीला पाठवायचंय. पत्ता लिहून घे."

नाथाने पत्ता लिहून घेतला. "आणि पाठवणाऱ्याचं नाव?"

"ते नको," गंगुबाई म्हणाल्या. "भिंतीवर लागायला हवं ते."