सवयीचा हात

डोळे दादाचे होते.

तिने कागद उजेडाला धरला, लांब धरला, उलटा करून पाहिला. चूक सापडत नसेल तर चित्र उलटं करून बघायचं, असं कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. उलटं केलं तरी दादाच. डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली, आणि वरच्या भुवईत ती चीर, जिथे केस उगवत नाहीत. ती चीर तिनेच दिलेली होती, लहानपणी, लाकडी पट्टी फेकून मारून.

उद्या सरांना एक पान लिहून द्यायचं होतं. वर्षभरात काढलेले चेहरे समोर मांडा, आणि काय जमलं, काय फसलं ते तुमचं तुम्हीच लिहा. म्हणून जेवण उरकून तिने पलंगाखालच्या सगळ्या वह्या ओढून काढल्या आणि जमिनीवर पसरल्या. निम्म्या पानांवर दादा होता. पेपर वाचणारा, नखं कापणारा, मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. घरातला, फुकटचा, आणि बस म्हटलं की तासभर न हलणारा मॉडेल आणखी कुठे मिळणार? सगळ्यांत शेवटी तिने आपलं गाजलेलं काम ठेवायला घेतलं, पोलिसांनी छापलेलं पत्रक. दादाच्या चित्राशेजारी ते ठेवलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

आठ दिवसांपूर्वी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कपडे शिवणाऱ्या एका बाईंच्या दुकानात भरदुपारी कुणीतरी शिरलं, त्यांच्या डोक्यात इस्त्री घातली आणि हातातल्या पाटल्या काढून नेल्या. पोलिसांचा चित्रकार रजेवर होता. साहेबांनी कॉलेजात फोन केला आणि सरांनी हिला पाठवलं. डोक्याला पट्टी बांधलेल्या बाई खाटेवर बसून सांगत होत्या, ही काढत होती. चेहरा लांबट, मिशी, केस मागे वळवलेले. डोळ्यांपाशी गाडी अडली. "डोळे कसे सांगू गं बाई," असं त्या तीनदा म्हणाल्या आणि हिने तीनदा खोडलं. चौथ्यांदा काही न विचारता काढून टाकले.

बाईंनी कागद पाहिला आणि दूर सारला. "हाच," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या.

तेव्हा ती मनातून फुलून गेली होती. आता ते आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली.

"हात लबाड असतो," सर नेहमी म्हणायचे. "डोळ्यांना दिसलं नाही की सवयीचं तेच काढून मोकळा होतो." तेवढंच झालं होतं. दुसरं काही नाही. भुवईतल्या चिरेबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नव्हता, तो सगळा तिच्या पेन्सिलीचा आगाऊपणा. आत्ता उठावं, चौकीत जावं आणि सांगून टाकावं, साहेब, चित्र चुकलंय, डोळे मी मनाने घातले. साहेब म्हणतील, मनाने म्हणजे कुणाचे? इथे येऊन तिचं घोडं अडत होतं. सांगावं तर पोलीस घरात, न सांगावं तर दादाचे डोळे गावभर भिंतींवर. आणि बाई कशाला म्हणाल्या, हाच? थकल्या असतील. डोक्याला एवढा मार बसलेलं माणूस कशालाही हो म्हणेल.

स्वयंपाकघरात फ्रिजवर तेच चित्र होतं. लेकीचं पेपरात छापून आलेलं पहिलं चित्र, आईने कापून लावलेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती हाताला धरून नेऊन दाखवायची. "डोळ्यांतच बघा कसा चोरटेपणा आहे मेल्याच्या," असं कालच शेजारच्या काकूंना सांगत होती. दादाला रोज समोर बसवून वाढणारी आई.

तिने पेन उघडलं. ‘मला डोळे चांगले जमतात,’ असं लिहिलं, वाचलं आणि खोडलं.

दारात किल्ली फिरली. दादाची यायची ही वेळ नव्हती. तिने पत्रक उशीखाली सारलं आणि वह्या पायानेच पलंगाखाली ढकलल्या. बाहेर आई बोलत होती.

"अरे, मिशी कुठे गेली?"

"उकडत होतं."

"कॉलेजपासूनची मिशी रे. ओळखूच येत नाहीस."

तो पाणी प्यायला गेला असावा. पण फ्रिज उघडल्याचा आवाज आला नाही, पेला वाजला नाही. पावलं फ्रिजपाशीच थांबली होती.

मग तो तिच्या खोलीत आला आणि पलंगाच्या काठावर बसला. वरच्या ओठावर पांढुरकी पट्टी दिसत होती. मिशी गेल्यामुळे चेहऱ्यावर डोळेच तेवढे उरले होते. तिला त्यांच्याकडे बघवेना.

"काय चाललंय?"

"सरांनी लिहायला दिलंय. स्वतःच्या चित्रांविषयी."

"छान काढतेस तू." मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "माझी चित्रं आहेत ना, त्या वह्या कुठे असतात गं?"

दादाशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

"कॉलेजात," ती म्हणाली.

दादाने मान हलवली आणि मोजे काढायला तो खाली वाकला.